पावसाळ्यातला आकडा

"श्वास तिकडं सोड."

त्रिशलाक्का माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. डिसेंबरची सकाळ होती. कृष्णेवरचं धुकं सांगलीतल्या आमच्या कॉलेजच्या मागच्या भिंतीपर्यंत आलेलं आणि प्रयोगशाळेच्या काचा दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या. लोणंदहून सामान घेऊन मी आदल्याच दिवशी पीएच.डी.साठी येऊन दाखल झाले होते. अक्का खिडकीशी एका काचेच्या पसरट भांड्यावर वाकून उभ्या होत्या. भांड्यात नुसतं पाणी दिसत होतं. काय चाललंय ते पाहायला मी वाकले, तेव्हा त्यांनी मान वर न करता हे सांगितलं. मी घाबरून तोंड फिरवलं. जरा वेळाने त्यांनीच विचारलं, "काय दिसतंय का?"

"पाणी," मी म्हटलं.

"आता लांबनं, हळूच फुंकर घाल."

मी फुंकर घातली. पाण्यावर बारीक लहरी उठल्या. पण मधल्या एका चौकोनात त्या उठल्याच नाहीत. तेवढं पाणी गुळगुळीत राहिलं, सबंध चौकोन एकदम डावीकडे सरकला आणि थांबला. तेव्हा मला कळलं की पाण्यावर काहीतरी आहे. केसाच्या जाडीचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक भाग होईल, इतका पातळ प्लॅस्टिकचा पडदा. त्याला स्वतःचा रंगही नव्हता. "हाय म्हणायचं आणि न्हाई म्हणायचं, ह्याच्या मधोमध हाय बघ ते," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघून, "स्नेहल न्हवं का तू? बस. बांगड्या काढून ठेव आधी."

त्यांच्या स्वतःच्या दोन बांगड्या एका लहानशा काचेच्या ताटलीत काढून ठेवलेल्या होत्या. रोज सकाळी आल्यावर त्या काढायच्या, संध्याकाळी जाताना घालायच्या. मधल्या वेळात त्या बाई कुणाच्याच नसायच्या, असं मला वाटायचं.

त्रिशला मगदूम हे त्यांचं पूर्ण नाव. हुद्दा तांत्रिक सहायक. पन्नाशी उलटून चार-पाच वर्षं झालेली, अंग काटकुळं, फिकट रंगाची सुती साडी, डोळे मात्र काहीतरी लांबचं ऐकत असल्यासारखे. पलूसजवळच्या एका गावातल्या जैन शेतकऱ्याच्या घरातल्या त्या. घरी ऊस, भाऊ शेती बघायचा. लग्न केलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम होता, म्हणून साडेपाचच्या सुमाराला त्या व्हरांड्यात डबा उघडून बसत आणि तेवढा वेळ यंत्रसुद्धा थांबवत. प्राचार्यांशी त्या अगदी छापील मराठी बोलायच्या. आमच्याशी मात्र घरचं बोलणं. "तिथं शब्द इस्त्री करून न्यावं लागत्यात," म्हणायच्या.

आमच्या प्रयोगशाळेत एक कॅलरीमीटर होता. त्याच्या पोटात वाटाण्याएवढ्या दोन ॲल्युमिनियमच्या डब्या ठेवायच्या जागा. एका डबीत आपला पदार्थ, दुसरी रिकामी. दोन्ही सारख्याच वेगाने तापवायच्या आणि पदार्थाच्या डबीला रिकामीपेक्षा किती जास्त उष्णता लागते ते मोजायचं. प्लॅस्टिक थंड असताना काचेसारखं ताठ असतं. तापवत गेलं की एका ठरावीक तापमानाला त्याचे रेणू सैल होतात, हलायला लागतात. त्या क्षणी ते जरा जास्त उष्णता मागतं आणि आलेखाच्या रेषेत एक लहानशी पायरी उमटते. माझं संशोधन त्या पायरीवर होतं. पॉलिस्टायरीन म्हणजे ज्याचे चहाचे कप निघतात ते प्लॅस्टिक. त्याचा जाड तुकडा शंभर अंशांच्या आसपास सैल होतो. पण अगदी पातळ पडदा केला तर? त्याच्या पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून दाबणारं कुणी नसतं, त्यामुळे तो आधीच सैल होईल का, आणि किती आधी, हा प्रश्न होता.

उत्तर शोधणं फार संथ होतं. पॉलिस्टायरीन टोल्युइन नावाच्या द्रवात विरघळवायचं, त्याचा थेंब अभ्रकाच्या चौकोनी तुकड्यावर टाकून तो गरागरा फिरवायचा, मग तो तुकडा तिरका धरून पाण्यात सोडायचा. पाणी अभ्रकाच्या आणि पडद्याच्या मधे शिरत जातं आणि पडदा अलगद सुटून तरंगायला लागतो. तो उचलायचा. असे शंभर-सव्वाशे पडदे एकावर एक ठेवले तेव्हा कुठे यंत्राला कळेल एवढं वजन व्हायचं. एका मोजणीसाठी तीन आठवडे जायचे. त्या दिवसांत आम्ही दोघी फारसं बोलत नसू. बाहेर कॉलेज चालू असायचं, घंटा व्हायच्या, मुलं जिन्यावरून धावायची, आणि आमच्या खोलीत पाण्यावर एक नसल्यासारखा चौकोन सरकत असायचा. कधीकधी दुपारच्या उन्हात तो क्षणभर चमकायचा. मला त्या दिवसांची आठवण आजही जागेपणीची वाटत नाही.

अक्कांची काही वाक्यं मात्र अजून कानात आहेत. मी ओढून, रेटून काही करायला गेले की म्हणायच्या, "हात आधी गार पडू दे." यंत्राला दोष दिला की, "मशीन खोटं बोलत न्हाई गं. आपण त्येला काय इचारलं, ते आपणच इसरतो." आणि मी एखादा आकडा वहीत लिहून समाधानाने पेन खाली ठेवलं की, "आकडा आला. उत्तर यायचं हाय अजून."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझा आकडा आला. पातळ पडदे जाड तुकड्यापेक्षा सतरा अंश आधी सैल होत होते. सतरा! माझे मार्गदर्शक साळुंखे सर आलेख हातात धरून खोलीभर फिरले. ते मनाने चांगले गृहस्थ होते, पण वर्षानुवर्षं छोट्या कॉलेजात काम करून, आपलं कुणी कुठे वाचतच नाही या भावनेने थकलेले. त्यांनी सातारी कंदी पेढे मागवले. शोधनिबंध पंधरा दिवसांत पाठवायचा असं ठरलं. अक्कांनी पेढा घेतला, आलेख घेतला आणि खिडकीशी नेला.

"लय पसरट हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पायरी. पायरी अशी नसती पोरी. ही घसरगुंडी हाय."

सर हसले. "अक्का, पातळ पडद्यात पायरी पसरते. छापलेल्या शोधनिबंधांत आहे तसं."

"आसंल," अक्का म्हणाल्या आणि आलेख परत दिला.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पडदे डबीत भरण्याआधी निर्वात पेटीत ठेवून वाळवायचे असतात, म्हणजे त्यांच्यात राहिलेलं टोल्युइन निघून जातं. नियम तीन दिवसांचा होता. मी वहीत तीन दिवस असंच लिहिलं होतं. पण शेवटच्या खेपेला मी फक्त एक दिवस वाळवले होते. लोणंदला बहिणीचा साखरपुडा होता, शनिवारी निघायचं होतं, आणि मला वाटलं होतं की इतक्या पातळ पडद्यात राहून राहून काय राहणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा अक्का एकट्याच होत्या. पडदे तापवलेली ती डबी त्यांनी जपून ठेवली होती. त्यांनी ती चिमट्याने उचलली आणि बारीक वजनाच्या तराजूवर ठेवली. डबीच्या झाकणाला आम्ही सुईने भोक पाडत असू, आतली वाफ बाहेर जावी म्हणून. काट्यावरचे आकडे स्थिर व्हायला वेळ लागतो. आम्ही दोघी बघत राहिलो. तापवण्याआधी जे वजन होतं, त्यापेक्षा आता ते कमी भरलं. अगदी थोडं, मिलिग्रॅमचा दहावा भाग; पण सगळे पडदे मिळून वजनच तीन मिलिग्रॅम होतं.

"पॉलिस्टायरीन उडून जातं का?" अक्कांनी विचारलं.

"नाही."

"मग काय उडालं?"

टोल्युइन उडालं होतं. ते आत असताना प्लॅस्टिक मऊ असतं, म्हणून लवकर सैल झालं होतं. सतरापैकी बरेच अंश त्या राहिलेल्या टोल्युइनचे होते.

"सोमवारी सकाळी मी आले तवा पेटीचा पंप गार होता," अक्का म्हणाल्या. "तीन दिस चाललेला पंप हाताला उबदार लागतो. मला तवाच कळलं हुतं. वाटलं, तू सांगशील."

मला रडू आलं. शरमेपेक्षा रागच जास्त होता, आणि तो कुणावर ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "अक्का, कुणाला कळणार आहे? सरांनाही नको आहे कळायला. दोन वर्षं गेली माझी."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी तराजूचं झाकण लावलं, दोन स्टुलं खिडकीशी ओढली आणि मला बसायला सांगितलं. मग त्यांनी जे सांगितलं, ते तोवर त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

वीस-बावीस वर्षांच्या असताना अक्का साताऱ्याला आगाशे सरांकडे संशोधन करत होत्या. सर नावाजलेले होते. त्यांच्याकडे पलूसकडच्या शेतकऱ्याच्या मुलीला जागा मिळाली याचं घरी कोण कौतुक. पाण्यात विरघळणाऱ्या एका प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे करून ते कोणत्या तापमानाला सैल होतात, हे त्यांना मोजायचं होतं. त्यांनी ते मोजलं जुलै-ऑगस्टात. साताऱ्याच्या पावसाळ्यात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. आकडा आला, सरांनी शोधनिबंध लिहिला, परदेशी नियतकालिकात छापून आला. सरांचं नाव पहिलं, अक्कांचं दुसरं. कार्तिकात त्या घरी आल्या तेव्हा भावाचं गुऱ्हाळ सुरू झालं होतं.

"घरात मागल्या साली ठेवलेली गुळाची ढेप हुती," अक्का म्हणाल्या. "पावसाळ्यात ती बसली हुती. पार खाली बसलेली, बोट घातलं तर आत जाईल अशी. आणि शेजारी नवी ढेप, ठणठणीत. गूळ तोच, ऊस तोच. मी बघतच ऱ्हायले. आई म्हणाली, 'आगं, पावसाची वल धरली त्येनं.' आणि मला तिथंच उभ्या उभ्या कळलं, माझ्या पापुद्र्यांनी पण वल धरली हुती. मी प्लॅस्टिक मोजलंच नव्हतं. मी साताऱ्याचा पाऊस मोजला हुता."

"मग तुम्ही सरांना सांगितलंत?"

"गेले सांगायला. दारापर्यंत गेले. आत सर कुणाला तरी तोच निबंध दाखवत हुते, लय खुशीत हुते. मी आपली म्हटलं, उद्या सांगू. त्यो उद्या काय आला न्हाई."

पुढच्या वर्षी त्यांनी संशोधन सोडलं. घरी सांगितलं, जमत नाही. मग सांगलीची ही तांत्रिक सहायकाची जागा घेतली. त्यांचा आकडा मात्र जगात फिरत राहिला. लोकांनी तो तक्त्यांमध्ये घातला, त्यावर पुढची गणितं केली. "कुठल्या तरी नव्या पुस्तकात दिसतो मधनं मधनं," अक्का म्हणाल्या. "माझं नाव आसतं खाली. मी पान उलटते."

बाहेर धुकं उठत होतं. काचेवरून पाण्याचे ओघळ खाली येत होते आणि त्यांच्यामधून कॉलेजचं मैदान तुकड्या-तुकड्यांनी दिसायला लागलं होतं. मी उठले आणि साळुंखे सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

सर खूप रागावले. अर्धा तास रागावले. मग खुर्चीत मागे टेकून बसले आणि म्हणाले, "पेढे तरी बरे होते." त्यानंतर ते माझ्याशी महिनाभर नीट बोलले नाहीत, पण निबंध त्यांनी पाठवला नाही.

आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी अक्कांनी एक नवीन गोष्ट करायला लावली. त्याच द्रावणातून एक जाड पापुद्राही करायचा आणि तो पडद्यांच्या शेजारी, त्याच पेटीत, तेवढेच दिवस वाळवायचा. जाड पापुद्रा नेहमीच्या तापमानालाच सैल झाला तर टोल्युइन गेलं असं धरायचं, मगच पातळ पडद्यांवर विश्वास ठेवायचा. "त्येला साक्षीदार म्हणायचं," त्या म्हणाल्या. आम्ही सहा-सहा दिवस वाळवलं. पंपाला हात लावून बघणं हे माझं रोजचं काम झालं. वर्ष गेलं. शेवटी साक्षीदार शंभर अंशांवर ठाम राहिला आणि पडदे चार अंश आधी सैल झाले. पायरी लहान होती, पण कडा स्पष्ट होत्या. तीच डबी पुन्हा तापवली तेव्हा ते चार अंशही नाहीसे झाले, कारण पहिल्या तापण्यात सगळे पडदे एकमेकांत वितळून एक जाड तुकडा झाला होता. पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच.

सतराचे चार झाले होते. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. पण त्या दुपारी आलेखाकडे बघताना मला एवढं हलकं वाटत होतं की जिना उतरताना कठडा धरावा लागला.

साळुंखे सरांनी निबंध लिहिला आणि स्वतः होऊन अक्कांचं नाव त्यात घातलं. अक्कांनी ते खोडलं. सर म्हणाले, "अहो, तुमच्याशिवाय हे झालं नसतं." अक्का म्हणाल्या, "सर, आधी माझं जुनं निस्तरायचं आहे. ते झालं की मग माझं नाव कुठंही घाला." त्या दिवशी मला कळलं की माझे पडदे वाळत असताना, यंत्र रिकामं असेल त्या वेळात, अक्का आपले जुने पापुद्रे पुन्हा करत होत्या. साताऱ्याचा तोच पदार्थ त्यांनी मिळवला होता. वाळवून, कोरड्या नायट्रोजनमध्ये, वजन करून, पुन्हा वाळवून त्यांनी तो मोजला होता. जुना आकडा तीस अंशांहून जास्त चुकलेला होता. निवृत्तीला चार महिने उरले होते.

"आता सरांना सांगायला पायजे," त्या म्हणाल्या. "तू येशील का सोबत?"

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही सातारची एस.टी. पकडली. अक्का खिडकीशी बसल्या. पलूसकडे जाणारा फाटा गेला, मलकापूरच्या इमारती मागे पडल्या, कराड आलं, दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाची पिवळी रानं. मांडीवर एक प्लॅस्टिकची फाइल. सगळ्या वाटेत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर वळखतील का गं मला?"

आगाशे सरांनी ओळखलं. ते ऐंशीच्या पुढे होते, अंगावर शाल, हात थरथरत होते, घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी होतं आणि बैठकीच्या खिडकीतून किल्ल्याचा उतार दिसत होता. दार त्यांनीच उघडलं. क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "मगदूम." मधली तीस-पस्तीस वर्षं नव्हतीच अशा सुरात.

अक्का बसल्या नाहीत. उभ्या राहिल्या, विद्यार्थिनी उभी राहते तशा, आणि छापील मराठीत बोलू लागल्या. "सर, आपल्या निबंधातला आकडा चूक आहे. पापुद्र्यांमध्ये ओल होती. ही नवी मोजणी. मी दुरुस्ती लिहून आणली आहे. नियतकालिकाला पाठवायची आहे. त्यावर तुमचंही नाव लागेल, म्हणून विचारायला आले."

सरांनी फाइल घेतली. चष्मा बदलला. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, तोंडी परीक्षा घ्यावी तशी. किती दिवस वाळवलं? वजन किती वेळा केलं? यंत्राचं प्रमाणीकरण कशाने केलं? दुसऱ्या तापण्यात काय दिसलं? अक्का एकेक उत्तर देत होत्या आणि त्यांचा आवाज हळूहळू स्थिर होत गेला. शेवटच्या पानावर सर थांबले.

"पापुद्र्यांच्या पेटीत सिलिका जेल ठेवलेलं होतं, आठवतं?" ते म्हणाले. "कोरडं असताना निळं असतं. त्या जुलैत ते गुलाबी झालं होतं. मी रोज तिथून जायचो. रोज बघायचो."

सरांनी ते पान फाइलवर ठेवलं.

"मला वाटायचं, तुझ्या लक्षात आलं तर तू विचारशील. तू विचारलंस की मग बघू. तू विचारलं नाहीस, आणि मला ते बरंच वाटलं." सर खिडकीबाहेर बघत होते. "तू सोडून गेलीस तेव्हा लोकांनी विचारलं, एवढी हुशार मुलगी का गेली? मी म्हटलं, घरच्या अडचणी असतील. मला ठाऊक होतं, मगदूम."

मला वाटलं, आता अक्का काहीतरी बोलतील. इतक्या वर्षांचं काहीतरी. पण त्या इतकंच म्हणाल्या, "मीही दारापर्यंत आले होते, सर. आत यायला पाहिजे होतं."

सरांनी टेबलावरचं पेन उचललं. दुरुस्तीच्या वरच्या बाजूला अक्कांनी लेखकांची नावं लिहिली होती. स्वतःचं आधी, सरांचं नंतर. सरांनी एक बाण काढून दोन्ही नावांची अदलाबदल केली.

"निबंधावर माझं पहिलं होतं ना? मग चुकीवरही पहिलंच पाहिजे," ते म्हणाले आणि खाली सही केली. सही करायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी अक्कांना विचारलं, "आता बसशील का?" आणि अक्का बसल्या.

आम्ही चहा घेऊन निघालो. परतीच्या एस.टी.त ऊन तिरपं आत येत होतं. कराडच्या अलीकडे केव्हातरी अक्कांचा डोळा लागला आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हलले नाही. बाहेर मैलामागून मैल ऊस, मधेच पाण्याची चमक, पुन्हा ऊस. वाटलं, ही गाडी सांगलीला पोचायलाच नको. इस्लामपूरला त्या जाग्या झाल्या, बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "बाई गं, दिवस मावळला की! जेवायचं ऱ्हायलं." आणि हसल्या. त्यांना तसं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुरुस्ती छापून आली. अर्धं पान. माझ्या शोधनिबंधावर अक्कांचं नाव लागलं. मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या आणि गावी गेल्या. मी डॉक्टरेट घेऊन साताऱ्यात एका कॉलेजात शिकवायला लागले. फोन व्हायचे. "काय मोजतीयास?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी सांगायचे, त्या ऐकायच्या, आणि शेवटी न चुकता, "साक्षीदार ठेवलायस न्हवं?"

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी, भाद्रपदात, त्या गेल्या. काही महिन्यांचं दुखणं, पोटाचं. मला कळवू नका असं त्यांनीच सांगितलं होतं. पोरीच्या कॉलेजात परीक्षा चालू असतील म्हणाल्या होत्या. मी गेले तेव्हा सगळं आटोपून चार दिवस झाले होते. त्यांचे भाऊ भरमूदादा अंगणात बाजेवर बसले होते. सत्तरीचा, उन्हाने काळा पडलेला माणूस, डोळे अक्कांसारखेच. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मग ते म्हणाले,

"एक इचारू का, बाई? आमच्या त्रिशलानं त्या कालिजात आयुष्य घालवलं. पण तिथं ती नेमकं करायची काय, हे आमाला कवा कळलंच न्हाई. इचारलं तर म्हणायची, कायतरी तापवत्यो आमी. तुमी तिच्याबरूबर हुता. तुमी सांगा."

मी सांगायला लागले. डब्या, पडदे, पायरी. ते मान हलवत होते, पण त्यांना काही उमगत नव्हतं हे दिसत होतं. मी थांबले. मग म्हटलं, "दादा, तरुणपणी त्यांच्या हातून एक आकडा चुकला होता. जगभर गेला होता तो. तो त्यांनी बरोबर केला."

भरमूदादांनी विचार केला. "पुन्हा कुणी चुकणार न्हाई आता त्यावरनं?"

"नाही."

"आणि तुमचा?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. अक्कांनी त्यांना काय सांगितलं होतं, किती सांगितलं होतं, मला माहीत नव्हतं. "माझाही," मी म्हटलं.

"मग लय झालं की," ते म्हणाले. उठून त्यांनी कोपऱ्यातलं खोरं घेतलं आणि उसाला पाणी सोडायला बांधाच्या दिशेने चालू लागले. थोडं पुढे जाऊन वळले आणि म्हणाले, "जेवूनच जावा. दिवस मावळायच्या आत पानं वाढत्यात आमच्यात."